मिशीवरचा नवाब

बाबांच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि पदर नाकाला लावून मी तशीच मागे आले. ओट्यावर दुधाच्या पातेल्याशेजारी स्टीलचा एक उंच डबा होता. त्याच्या तोंडावर मलमलचं फडकं सुतळीनं बांधलेलं होतं आणि आतून असा वास येत होता, की घरात उंदीर मेला असता तर तोही उठून शेजारी राहायला गेला असता.

"बाबा, हे काय आहे?"

"नैवेद्य," बाबा न्हाणीघरातून ओरडले. "हात लावू नकोस त्याला."

नैवेद्य म्हणजे काळी पडलेली केळी, गूळ आणि ताडी. हे सगळं कालवून चार दिवस कुजवायचं, मग रानात नेऊन ब्रशनं झाडांच्या खोडांना फासायचं. फुलांकडे ढुंकूनही न बघणारी काही फुलपाखरं असतात, ती म्हणे या वासाला येतात. जन्मात कधी सुपारीचं खांड तोंडात न टाकलेले माझे बाबा, आजऱ्याच्या शाळेत चौतीस वर्षं शास्त्र शिकवलेले शिंत्रे सर, त्यासाठी ताडीच्या दुकानात जाऊन उभे राहायचे. गाव त्यांना ओळखून होता, म्हणून निभावलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आठ-दहा माणसं गोळा करून एक निसर्ग मंडळ काढलं होतं. दर रविवारी कुठल्या ना कुठल्या रानात जायचं, फुलपाखरं बघायची आणि वहीत लिहून ठेवायची, एवढाच उद्योग. आई होती तोवर ती म्हणायची, दारूपेक्षा बरं. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

मी डोंबिवलीहून आले होते ती बाबांना घेऊन जायला. कायमचं. जुलैत ते तीन दिवस तापानं घरात पडून होते आणि मला ते दहा दिवसांनी, पत्रातून, तेही ताज्या कलमात कळलं. त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. श्रीरंगनं, माझ्या नवऱ्यानं, आतली खोली रिकामी करून नवी कॉट आणली. रविवारी रात्री आठच्या गाडीची दोन तिकिटं माझ्या पर्समध्ये होती. राहिला होता तो फक्त बाबांचा होकार.

आणि तोच मिळत नव्हता. नकारही मिळत नव्हता. तीन दिवस मी विषय काढत होते आणि तीन दिवस बाबा "आलोच" म्हणून उठत होते. ताट पुढ्यात असलं तर हात धुवायला, नसलं तर परसातल्या लिंबाच्या पानांवरच्या अळ्या बघायला. आलोच म्हणून गेलेला हा माणूस परत यायचा तो थेट झोपायच्या वेळी. शेवटी मी ठरवलं की रविवारी आपणही त्यांच्या मंडळाबरोबर रानात जायचं. रानात उठून जाऊन जाऊन जातील कुठं?

बाबांची आंघोळ होईतो मी एक चांगलं काम केलं. निदान मला ते तेव्हा चांगलं वाटलं. फडताळात त्या डब्याचं फिरकीचं झाकण सापडलं. मलमलचं फडकं काढून मी ते झाकण दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन घट्ट पिळलं. वास बंद झाला. डबा पिशवीत घातला आणि हात साबणानं तीनदा धुतले.

सात वाजता भाड्यानं ठरवलेली वडापची जीप दारात आली. मागच्या बाकावर हसन मुल्ला बसले होते. बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि मंडळातला एकुलता एक कॅमेरा त्यांचाच. माझ्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले होते. त्यांच्याशेजारी पाटणे सिस्टर. तीस-पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नोकरी करून त्या आजऱ्यात स्थायिक झाल्या होत्या. भावांची लग्नं लावता लावता स्वतःचं राहूनच गेलेलं. उंच, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, नऊवारी नव्हे तरी तशीच खोचून घेतलेली साडी आणि पायांत कॅनव्हासचे बूट. मंडळाची वही त्यांच्याकडे असायची. बाकी वर्षा नावाची एक तरुण शिक्षिका आणि आणखी चार-पाच मंडळी होती.

जीप गावाबाहेर पडताच सिस्टरांनी थर्मास उघडला. "सर, हा तुमचा. बिनसाखरेचा," म्हणून पहिला कप पुढच्या सीटवर बाबांना दिला. बाबांनी मागे वळून न बघता हात मागे केला आणि कप बरोबर हातात घेतला. मी मनात म्हटलं, नर्सबाई आहेत, पथ्य सांभाळणारच.

"हेमाताई, आज नवाब दिसला पाहिजे बघा," हसनभाई म्हणाले.

"कोण नवाब?"

"सरांनी सांगिटलं न्हाई व्हय तुमास्नी? निळा नवाब. फुलपाखराचं नाव हाय ते. अकरा वर्सांमागं सरांनी भैरीच्या राईत बघिटलंतं, एकट्यानं. तवा मंडळ नव्हतं, कॅमेरा नव्हता. तवापास्नं आमी हुडकालोय."

"मग बाबांनी पाहिलंय ना? लिहून टाकायचं वहीत."

पुढच्या सीटवरून आवाज आला, "फोटो नाही तर नोंद नाही."

हा मंडळाचा पहिला नियम. दुसरा नियम सिस्टरांनी मला समजावून सांगितला. फुलपाखरू कुणाच्या अंगावर बसलं, तर हसनभाईंचा फोटो निघेपर्यंत त्या माणसानं हलायचं नाही. घामातलं मीठ चाटायला ती येऊन बसतात. मागे एकदा तहसीलदारांच्या पत्नी नाकावर फुलपाखरू बसलेलं असताना शिंकल्या. बाबांनी त्यांना जीपमध्ये बसेपर्यंत ऐकवलं आणि पुढच्या रविवारपासून त्या भिशीला जाऊ लागल्या.

बाबा ड्रायव्हरशी बोलताहेत असं बघून मी सिस्टरांच्या कानाशी लागले. "सिस्टर, तुम्ही तरी समजवा ना बाबांना. मी त्यांना घेऊन जायला आलेय. डोंबिवलीला, कायमचं."

सिस्टर थर्मासचं झाकण लावत होत्या. त्यांचा हात थांबला. "कधी?"

"आज रात्रीच. तिकिटं काढलीत."

"सर काय म्हणाले?"

"काय म्हणणार? मिठाची गुळणी धरून बसलेत. तीन दिवस झाले."

"तीन दिवसच होय," सिस्टर म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "मी नाही समजावणार, हेमलता. ज्याचं त्यानं बोलावं. साठी उलटली आता." त्या एवढ्या कोरडेपणानं बोलल्या की मला थोडा रागच आला. उगीच नाही बाई एकटी राहिली, असंही मनात येऊन गेलं. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

भैरीची राई म्हणजे गावानं देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. आत शिरलो तेव्हा उन्हं नुकती झाडांच्या शेंड्यांवरून खाली उतरत होती. मी खरं तर तोंड पाडूनच चालत होते. पण दहा मिनिटांत माझ्या डोक्याभोवती काय चाललंय हे बघायला मान वर केली, ती खाली करवेना. पांढऱ्यावर हळद आणि कुंकू सांडल्यासारखी फुलपाखरं उंच डहाळ्यांवर बागडत होती. त्यांचं नावही हळदीकुंकूच. काळी-तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके मिरवणारी हबशी नावाची फुलपाखरं संथपणे आमच्या अंगावरून जात होती, आम्ही जणू त्यांच्या वाटेतली झुडपंच. ओढ्याकाठी ओल्या वाळूवर तर चाळीस-पन्नास जण दाटीवाटीनं पाणी पीत बसले होते. वर्षा एकेक नाव सांगत होती, सिस्टर भराभर लिहीत होत्या आणि बाबा वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेतल्या पोरांची हजेरी घ्यावी तसे मोजत होते.

"हेमू, इकडं ये. पायाकडं बघ."

पायाशी नुसता पाचोळा होता. बाबांनी काडीनं एका सुक्या पानाला हलकेच शिवलं, तर त्या पानाला पंख फुटले आणि आत निळा-केशरी रंग दाखवून ते उडून गेलं. मी हसले. बाबाही हसले. किती वर्षांनी आम्ही दोघं एका गोष्टीला एका वेळी हसलो होतो. मला वाटलं, हीच वेळ आहे.

"बाबा, मी काय म्हणत होते—"

"आलोच. नैवेद्य लावून घेऊ."

ते एका मोठ्या झाडाच्या मुळावर बसले. पिशवीतून डबा काढून त्यांनी गुडघ्यांत धरला आणि त्याच्याकडे बघतच राहिले. "फडकं कुठं गेलं?"

"मी काढलं. वास किती येत होता. झाकण लावलं घट्ट."

"कधी?"

"सकाळी. तुम्ही आंघोळीला गेला होता तेव्हा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. असं ते वर्गात, सोपं गणित चुकलेल्या मुलाकडे बघत. "गूळ, केळी, ताडी," ते म्हणाले, "चार दिवस आंबलेली. आणि तू वरून बूच मारलंस." एवढं सगळं ज्यांना कळत होतं त्यांनी पुढे जे केलं ते करायला नको होतं. पण राग आला की माणसाचं शास्त्र खुंटीला. त्यांनी डबा तसाच छातीशी धरला आणि तावातावानं झाकण फिरवलं.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. झाकण वरच्या फांदीला लागून पलीकडे पडलं. पाचोळा हलायचा थांबला तेव्हा बाबा होते तिथंच बसले होते आणि नैवेद्य त्यांच्या टकलावर, भुवयांवर, चष्म्याच्या काचांवर आणि भरघोस पांढऱ्या मिशीत होता. एका कानावर केळ्याचा तुकडा होता. डब्यात काही उरलं नव्हतं.

कुणी हसायला धजेना. पहिल्या हसल्या त्या सिस्टर. आधी वही तोंडाशी धरून, मग वही खाली घेऊन, मग झाडाला टेकून. एवढी कडक बाई अशी डोळ्यांतून पाणी येईतो हसेल असं मला वाटलं नव्हतं. मग आम्ही सगळेच सुटलो. हसनभाई तर खाली बसले.

"झालं हसून?" बाबा म्हणाले. "आजचा दिवस वाया गेला."

"सर, ओढ्यावर चला, तोंड धुवा," वर्षा म्हणाली.

"ओढ्यावर ती पाणी पिताहेत. त्यांना उठवू काय माझ्या तोंडासाठी?" त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. सदराही नैवेद्यानंच माखलेला, त्यामुळे उपयोग झाला नाही.

हसनभाई कॅमेरा घेऊन, बाकीच्यांना बरोबर घेऊन वरच्या पाणवठ्याकडे गेले. तिथं काहीतरी मिळेल अशी आशा होती. बाबा फुगून मुळावर बसून राहिले. सिस्टर वही मिटून थोड्या अंतरावर थांबल्या, वर्षा मागे राहिली आणि मी तर गुन्हेगारच. पण खरं सांगते, माझ्या मनात अपराधीपणापेक्षा हिशेबीपणाच जास्त होता. बाबा थकलेत, चिकट झालेत, आता कुठं पळणार?

"बाबा, आता तरी सांगा. आज रात्री येताय ना माझ्याबरोबर?"

"आलोच," बाबा म्हणाले, उठले आणि त्यांनी एक पाऊल टाकलं.

दुसरं पाऊल पडलंच नाही. डाव्या बाजूनं काहीतरी सुसाट आलं, त्यांच्या डोक्याभोवती दोन गिरक्या घेतल्या, खांद्यावर टेकलं, पुन्हा उडालं आणि येऊन बसलं ते थेट मिशीवर. काळे पंख, मधोमध फिकट निळसर पट्टा आणि मागच्या प्रत्येक पंखाला दोन-दोन टोकदार शेपट्या. त्यानं पंख मिटले तर खालची बाजू चांदीच्या ताटासारखी रुपेरी. मग त्यानं आपली सोंड उलगडली आणि गूळ प्यायला सुरुवात केली.

"नवाब," वर्षा पुटपुटली.

सिस्टरांनी बोटानंच तिला खूण केली. ती चपला हातात घेऊन, मांजराच्या पावलांनी, हसनभाईंना आणायला गेली. वरचा पाणवठा तिथून पाच मिनिटांवर होता, म्हणजे जाऊन-येऊन दहा. सिस्टर चार पावलं पुढे आल्या, घड्याळ बघून त्यांनी वहीत वेळ लिहिली, नाव लिहिलं आणि थांबल्या.

बाबा दगडासारखे उभे होते. एक पाय पुढे, एक मागे, दोन्ही हात अधांतरी. अकरा वर्षं ज्याची वाट बघितली तो ओठावर येऊन बसला होता. मान हलवायची सोय नव्हती आणि तोंड उघडायची तर मुळीच नव्हती.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा माणूस आता दहा मिनिटं आलोच म्हणू शकत नाही. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं होतं. मी समोर जाऊन उभी राहिले आणि अगदी हळू आवाजात, एकेक शब्द तोलून बोलायला लागले.

"बाबा, ऐका. तीन दिवस बोलू दिलं नाहीत, आता ऐकावंच लागेल. तुम्ही तापानं पडला होता, तुमच्या उशाशी कोण होतं? पाणी कुणी दिलं? मी तिकडे रोज डबे भरते, गाडी पकडते आणि दिवसभर मनात एकच, की आज बाबा जेवले असतील का. शेजारीपाजारी विचारतात, वडील एकटेच असतात का हो? काय सांगू मी? खोली तयार आहे. श्रीरंगनं स्वतः रंग लावलाय. तुमच्या अळ्यांसाठी गॅलरीत लिंबाची कुंडीसुद्धा आणलीय."

बाबांचे डोळे माझ्याकडे वळले. त्यांत पाणी होतं. मग ते डोळे माझ्यावरून सरकले आणि माझ्या उजव्या खांद्यापलीकडे गेले. पुन्हा माझ्याकडे आले, पुन्हा पलीकडे गेले.

मला वाटलं, हसनभाई आले. वळून बघितलं तर सिस्टर होत्या. त्यांनी नजर वहीत घातली होती आणि त्या काही लिहीत मात्र नव्हत्या.

"ताप आला तेव्हा उशाशी मी होते," त्या वर न बघता म्हणाल्या. "तिन्ही दिवस. ते तू विचारलंस म्हणून सांगितलं. पुढचं मी सांगणार नाही. ते सरांनी सांगायचं ठरलंय. तीन महिने झाले, रोज म्हणतात हेमूला पत्र लिहितो. पत्र काही जात नाही."

मला आधी काहीच कळलं नाही. मग सगळं एकदम कळलं. बिनसाखरेचा चहा, मागे न बघता पुढे आलेला हात, ताज्या कलमात उरकलेला ताप. आई आठवली. ओट्याशी उभी असलेली, दारूपेक्षा बरं म्हणणारी. मला राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना, कारण समोर एक म्हातारा मनुष्य मिशीत केळं आणि मिशीवर फुलपाखरू घेऊन उभा होता.

"बाबा, खरं आहे?"

डोळे माझ्याकडे, डोळे तिकडे. नवाबानं पंख उघडले, मिटले. सोंड आणखी थोडी आत घातली.

"सर, तुम्हाला बोलता येत नाहीये हे मला कळतंय," सिस्टर म्हणाल्या. "पण गेले तीन महिने तर मिशीवर कुणी बसलं नव्हतं. मुलगी एवढ्या लांबून आलीये, खोली रंगवून आलीये. तुम्हाला जायचं असेल तर जा. मी काही रडत बसणार नाही. मला फक्त असं ताटकळत ठेवू नका. पुष्कळ वर्षं दुसऱ्यांच्या वेळेप्रमाणे राहिले मी."

वरच्या वळणावर हालचाल झाली. हसनभाई येत होते. कॅमेरा छातीशी, बूट काढलेले, तोंडावर बोट, एकेक पाऊल जपून टाकत. मागे सगळं मंडळ रांगेनं, अनवाणी. तीसेक पावलं राहिली असतील. मी बाबांकडे बघितलं. त्यांनीही हसनभाईंना बघितलं होतं. मिनिटाभराचा प्रश्न होता. एक मिनिट तसंच उभं राहायचं, अकरा वर्षांचं काम फत्ते, मग काय बोलायचं ते बोला.

सिस्टरांची वरच्या वळणाकडे पाठ होती, त्यांना हसनभाई दिसत नव्हते. त्यांना दिसत होते फक्त गप्प उभे असलेले बाबा. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि वही काखेत मारून ओढ्याच्या दिशेनं चालू लागल्या.

"सरोजिनी, थांबा."

बाबांचा आवाज असा खणखणीत मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. शाळेच्या मैदानावर कवायतीला असायचा तसा. सगळ्या राईनं तो ऐकला. नवाबानंही ऐकला. तो मिशीवरून उठला, आमच्या डोक्यांवरून एक मोठं वळण घेतलं आणि झाडांच्या शेंड्यांपलीकडे गेला.

बाबांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. "मी येत नाही, हेमू," ते म्हणाले. "तू मुलगी आहेस, तुला माझी काळजी आहे, मला कळतं. पण मला इथं राहायचंय. मला सरोजिनीबाईंशी लग्न करायचंय. हे तुला तीन दिवसांपूर्वी सांगायला हवं होतं. तीन महिन्यांपूर्वीच सांगायला हवं होतं. मुलीला कसं सांगावं ते मला सुचत नव्हतं. भित्रा आहे मी."

हसनभाई वळणावर तसेच एका पायावर उभे होते. "सर," ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "तीस पावलं वो. तीस पावलं ऱ्हायल्यालीती."

"असू दे हसनभाई."

"असू दे? तहसीलदारीणबाईस्नी त्या दिशी—"

"त्यांच्या घरी जाऊन माफी मागतो उद्या."

सिस्टर परत आल्या. त्यांनी कमरेचा रुमाल काढला, पाण्याच्या बाटलीनं भिजवला आणि बाबांचं कपाळ पुसायला सुरुवात केली. मग भुवया, मग कान. आई आजारी असताना बाबा तिचं सगळं करायचे, पण स्वतःच्या डोक्याला तेलसुद्धा कुणाला लावू द्यायचे नाहीत. आता ते डोळे मिटून, मान पुढे करून, शहाण्या मुलासारखे उभे होते. मी ते बघत राहिले आणि माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. एवढंच कळलं, की डोंबिवलीची ती रंगवलेली खोली मी माझ्या जिवाला लागलेला घोर उतरावा म्हणून तयार केली होती. बाबांना काय हवंय हे विचारायचं राहून गेलं होतं. मी उंटावरून शेळ्या हाकत होते आणि इकडे एक बाई तीन रात्री त्यांच्या उशाशी बसून होती.

बाबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना माझं उत्तर हवं होतं. सिस्टरांचा हात तसाच थांबला होता. सगळं मंडळ अनवाणी उभं होतं.

"मिशी राहिलीये, सिस्टर," मी म्हटलं. "नीट पुसा. लग्नाच्या फोटोत असं चालायचं नाही."

हसनभाई आधी हसले, मग वर्षा, मग सगळेच. सिस्टरांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा हात चिकट होता, आता माझाही झाला. तिथंच, भैरीच्या राईत, आम्ही थालीपीठं आणि लोणचं खाल्लं. वाफाळता चहा प्यायलो. बाबा एवढं बोलले की ऐकवेना. तीन महिन्यांचं तुंबलेलं होतं.

निघताना त्यांनी वही मागितली. सकाळच्या वेळेपुढे सिस्टरांच्या ठसठशीत अक्षरात निळ्या नवाबाचं नाव लिहिलेलं होतं. आम्ही सगळ्यांनी सांगून बघितलं की इतक्या जणांनी पाहिलंय, राहू द्या. बाबा म्हणाले, फोटो नाही तर नोंद नाही, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ते नाव खोडलं. नवाब पुढे कधी त्यांना दिसला नाही. एकमेकांची सोबत मात्र त्या दोघांना सतरा वर्षं मिळाली आणि त्यातला एकही रविवार त्यांनी घरात काढला नाही.

संध्याकाळी स्टँडसमोरच्या बूथवरून मी श्रीरंगला फोन लावला. तो वाटच बघत असावा, पहिल्या रिंगला उचलला.

"काय गं, झाले का बाबा तयार?"

"झाले."

"चला, सुटलो. किती वाजता पोचताय? मी स्टँडवर येतो."

"आम्ही नाही येत. तूच इकडे ये. आठ दिवसांची रजा टाक, आणि येताना कपाटातली माझी मोरपंखी पैठणी आण."

"पैठणी? कुणाचं लग्न आहे?"

बूथवाला शाळेत बाबांच्या हाताखालून गेलेला होता. तो उघड उघड कान देऊन ऐकत होता. ऐकू दे म्हटलं, उद्यापर्यंत गावभर होईल, आमंत्रणं द्यायचा खटाटोप वाचेल.

"माझ्या बाबांचं," मी मोठ्यानं सांगितलं.